मालधक्क्यावर अडलेला माल

अण्णांच्या वहीचं पहिलं पान मला अजून तोंडपाठ आहे. ‘वर डावीकडे पहिला शब्द. त्यावर बाण नेऊन एकदा दाबणे. यादी उघडते. त्यात ऑफिसच्या ओळीवर थांबणे. उजवीकडे दुसरी यादी येते. त्यात हिरव्या चित्राची ओळ.’ या वाटेनं गेलं की कॅल्कचा तक्ता उघडायचा. दुसऱ्या पानावर पेन ड्राइव्ह कसा लावायचा आणि कसा काढायचा. तिसऱ्यावर मराठी कळफलक कसा चालू करायचा. शेवटच्या पानावर, तांबड्या शाईनं, ‘बंद करण्याची पद्धत’.

अशी बारा पानं अण्णांनी दीड वर्षात भरली होती. जुलै २०११ मधल्या एका रात्रीत मी ती निकामी केली. त्यानंतरच्या चार-पाच महिन्यांत मी एकामागून एक ज्या चुका केल्या, त्या सगळ्या या एका चुकीच्या पोटातून आलेल्या आहेत. म्हणून सुरुवात वहीपासून केली.

अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेले. नोकरीची बहुतेक वर्षं मिरज जंक्शनच्या मालधक्क्यावर गेलेली. सत्तरीला आले होते, तरी सकाळी दहाला मिरजेतल्या आमच्या वाचनालयाचं दार उघडायच्या आत पायरीवर हजर. वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांचं दाखल रजिस्टर जीर्ण झालं होतं, पानं हातात तुकडे होऊन यायची. त्यातल्या नोंदी संगणकावर उतरवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. पैसे नाहीत, मानधन नाही. मी तिथला संगणकांचा स्वयंसेवक. नोकरी दुसरीकडे, पण संध्याकाळी आणि रविवारी वाचनालयात. चार जुने, देणगीत आलेले संगणक माझ्या भरवशावर चालायचे.

२००९ च्या दिवाळीनंतर त्या चारही संगणकांवर मी फेडोरा लिनक्स घातलं होतं. त्याआधी त्यांवर विनापरवाना विंडोज एक्सपी होती. दर आठवड्याला कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून व्हायरस यायचा. मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टंकला जायचा आणि दुसऱ्या संगणकावर उघडला की त्याची निरर्थक चिन्हं व्हायची. फेडोरात लोहित मराठी हा युनिकोड फॉन्ट होता, इनस्क्रिप्ट कळफलक होता. शिफ्ट आणि जे दाबलं की ऱ उमटतो, त्यामुळे ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ हे शब्द मराठीत लिहितात तसेच लिहिता येतात, हे अण्णांना कळलं तेव्हा त्यांनी मला ते तीनदा करून दाखवायला लावलं. मग वहीत उतरवून घेतलं.

तो बदल लोकांनी स्वीकारला, आणि मी त्याचं श्रेय लिनक्सला दिलं. तिथंच माझा हिशेब चुकला. खरं कारण वेगळं होतं. मी तेव्हा दोन महिने रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या शेजारी बसलो होतो. स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरणारी मुलं, पत्र टाइप करायला येणारे पेन्शनर, हिशेब लिहिणाऱ्या ग्रंथपाल ताई, सगळ्यांच्या. फेडोराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि जुनीला वर्षभराहून थोडीच जास्त मदत मिळते, त्यामुळे मला वरचेवर ती बदलावी लागायची. पण तोवर पडद्याचा चेहरा तोच राहिला होता : वर एक पट्टी, तिच्यात डावीकडे तीन मेनू, खाली उघड्या खिडक्यांची दुसरी पट्टी. हा ग्नोम २ चा, म्हणजे लिनक्सवर पडदा मांडणाऱ्या व्यवस्थेचा, चेहरा. त्याच्याच भरवशावर अण्णांनी वही लिहिली होती.

एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आलं आणि मे महिन्यात ते फेडोरा १५ मधून लोकांपर्यंत पोचलं. मेनू गेले. खालची पट्टी गेली. खिडकी लहान करायचं आणि मोठी करायचं बटण गेलं. डाव्या कोपऱ्यात एकच शब्द राहिला. त्यावर गेलं की सगळ्या उघड्या खिडक्या एकदम पसरून दिसत आणि हवा तो प्रोग्रॅम नाव टंकून शोधायचा. रचनाकारांचा विचार असा होता, की माणसाचं लक्ष एका वेळी एका कामावर राहावं, पट्ट्या-बटणांची गर्दी समोर नसावी. मला तो विचार पटला. आजही त्यातला काही भाग पटतो. मी माझ्या घरच्या संगणकावर तो आठ दिवस वापरला, हात बसला, आणि मला फार आनंद झाला. त्या आनंदाच्या भरात मी वाचनालयाची किल्ली घेतली.

कुणाला सांगितलं नाही. विचारलं तर त्याहून नाही. नव्या आवृत्तीसोबत येणारी बदलांची माहितीसुद्धा मी पुरी वाचली नव्हती. रात्री एकपर्यंत बसून चारही संगणक नवे केले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो तर अण्णा वही उघडी ठेवून बसले होते.

“पहिला शब्द कुठं गेला रे?”

“आता तो नाही अण्णा. आता नाव टाइप करायचं.”

“कुठलं नाव? मला तर त्याचं नाव माहीतच नाही. मला त्याची जागा माहीत आहे.”

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. पुढं कित्येक वर्षं ते मला आठवत राहिलं, कारण सगळी गोष्ट त्या एका वाक्यात होती. अण्णांना गोष्टी जागेवरून कळत. कोणता डबा फलाटावर कुठं उभा राहतो, कोणती पावती कुठल्या कप्प्यात, हे त्यांच्या हाताला आणि पावलाला ठाऊक असायचं. संगणकही त्यांनी तसाच शिकून घेतला होता. नव्या रचनेनं जागा काढून घेतली आणि तिच्या बदल्यात नाव मागितलं. मी मात्र त्यांना सांगितलं, “सवय होईल.”

‘सवय होईल’ हे दोन शब्द त्या महिन्यात मी किती वेळा म्हणालो याची गणती नाही. ग्रंथपाल ताई म्हणाल्या, “दादा, दोन खिडक्या शेजारी ठेवून मी आकडे जुळवायचे, आता खालची पट्टीच नाही.” त्यांनाही तेच सांगितलं. परीक्षेच्या मुलांनी तक्रार केली नाही. ती पटकन शिकली आणि मी त्यांच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांना गप्प केलं. तरुण मुलांना जमतंय म्हणजे रचना बरोबर आहे, असा अर्थ मी काढला. ज्यांना जमत नव्हतं त्यांच्यासाठीच तर ते वाचनालय होतं.

याच्या पुढची चूक मला सगळ्यात जास्त लागते.

चार संगणकांपैकी तीन त्यातल्या त्यात नवे होते. चौथा फार जुना. ग्नोम ३ ला चित्र रंगवायला जी ताकद लागते ती त्याच्यात नव्हती. अशा यंत्रांसाठी ग्नोमच्या लोकांनी एक सोय ठेवली होती, फॉलबॅक मोड. त्यात पडदा बराचसा पूर्वीसारखा दिसतो, वर मेनू, खाली पट्टी. चौथ्या संगणकावर ती आपोआप सुरू झाली होती. आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं, की तीन चांगले संगणक रिकामे आणि त्या सगळ्यात संथ, कुरकुरणाऱ्या संगणकापुढं रांग. अण्णा त्या रांगेत पहिले. त्यांची वही तिथं पुष्कळशी चालत होती.

लोक तोंडानं सांगत होते ते मी ऐकलं नव्हतं. आता पायानं सांगत होते. आणि मी काय केलं? मला वाटलं, हा एक संगणक मागे राहिलाय, याच्यामुळं लोकांना नव्याची सवय लागत नाहीये. पुढच्या रविवारी सांगलीला गेलो, पदरचे पैसे घालून एक जुनं ग्राफिक्स कार्ड आणलं, चौथ्या संगणकात बसवलं आणि त्यालाही नवा चेहरा दिला. रांग संपली. अण्णांनी काही म्हटलं नाही. वहीच्या मागच्या बाजूनं त्यांनी नवी पानं लिहायला घेतली.

सप्टेंबरमध्ये जे घडलं ते या सगळ्याचा शेवट होता.

त्या काळात भारनियमन होतं. वीज ठरल्या वेळी जायची आणि न ठरल्या वेळीही जायची. यूपीएस दहा-पंधरा मिनिटं टिकायचा. म्हणून वाचनालयात एक शिस्त होती : यूपीएस ओरडायला लागला की संगणक बंद करायचा आणि मग यूपीएसचंही बटण बंद करायचं, बॅटरी वाचते. अण्णांच्या तांबड्या शाईच्या पानावर ही शिस्त पायरी-पायरीनं होती. आधी बंद करायची आज्ञा द्यायची. काम राखून ठेवलेलं नसेल तर संगणक विचारतो, ‘साठवायचं का?’ त्याला हो म्हणायचं. पडदा काळा झाला की यूपीएस बंद.

नव्या रचनेत बंद करायची आज्ञा डोळ्यांना दिसतच नव्हती. मेनूत फक्त संगणक निजवायची आज्ञा होती, सस्पेंड. ऑल्ट ही कळ दाबून धरली, तरच तिच्या जागी बंद करायचा पर्याय यायचा. यामागंही विचार होता. लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो निजतो, उघडलं की जागा होतो, माणसाला रोज बंद-चालू करायची गरज काय, असा. पण निजलेल्या संगणकाचं सगळं काम मेमरीत असतं आणि मेमरी जिवंत ठेवायला थोडी का होईना वीज लागते. वीज सतत असते असं धरून ती रचना झाली होती.

त्या दुपारी वीज गेली. अण्णांनी सकाळपासूनच्या नोंदी केल्या होत्या. मेनूत होती ती एकच आज्ञा त्यांनी दाबली. संगणकानं साठवायचं का हे विचारलं नाही, कारण निजताना तो ते विचारत नाही. पडदा काळा झाला. अण्णांनी नेमानं यूपीएस बंद केला आणि ते घरी गेले. मेमरीतलं सगळं तिथंच गेलं. कॅल्क स्वतःहून अधूनमधून राखून ठेवतं त्यातलं बरंच परत मिळालं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एका मुलानं फॉर्मसाठी तो संगणक लावला, जुनी फाइल परत आणू का असं विचारणारी चौकट आली, आणि त्यानं ती काय आहे हे न कळून रद्द केली. चार तासांचं काम गेलं.

अण्णा मला म्हणाले, “माझ्याच हातनं काहीतरी राहिलं असणार.”

त्या क्षणी मला माहीत होतं की तसं नाही. काय झालं असेल हे मला चौकशी न करताही कळलं होतं. आणि मी म्हणालो, “अण्णा, सेव्ह करायचं विसरला असाल तुम्ही. लक्षात ठेवत जा.”

हे लिहितानाही मला त्रास होतो. सत्तर वर्षांच्या, आयुष्यभर एकेक पोतं मोजून लिहून घेतलेल्या माणसाला मी विसराळू ठरवलं. त्यानंतर अण्णा वाचनालयात यायचे थांबले.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि स्वतःवरचा राग मी दुसरीकडं वळवला. ग्नोमच्या तक्रार-नोंदीत जाऊन मी इंग्रजीत एक लांबलचक तक्रार लिहिली. तुम्ही लोकांचा विचार करत नाही, तुम्हाला भारतातली परिस्थिती ठाऊक नाही, तुमची रचना कुणालाच नको आहे, असं सगळं. कोणती आवृत्ती, कोणतं यंत्र, काय केलं आणि काय झालं, यातलं काही नाही. अण्णांचा उल्लेख नाही. यूपीएसचा नाही. वहीचा नाही. मी स्वतः न सांगता रात्रीतून हे सगळं बसवलं होतं, त्याचा तर नाहीच.

चार दिवसांत कुणीतरी सौम्य शब्दांत उत्तर दिलं. तीन प्रश्न होते. वीज गेल्यावर बॅटरी किती वेळ टिकते? लोक संगणक निजवून मग वीज तोडतात का? बंद करायचा पर्याय ते कुठं शोधतात? मला ते प्रश्न उद्धट वाटले. मी उत्तर दिलं नाही. काही आठवड्यांनी माहिती अपुरी म्हणून ती तक्रार मिटवण्यात आली, आणि मी मित्रांना सांगत फिरलो, की बघा, ही मंडळी कुणाचं ऐकत नाहीत.

आज ते तीन प्रश्न वाचले की कळतं, त्याहून नेमके प्रश्न कुणी विचारू शकलं नसतं. तिन्हीची उत्तरं मिरजेत, त्या एका खोलीत होती आणि ती ठाऊक असलेला, इंग्रजीत लिहू शकणारा माणूस मी एकटाच होतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी आधी वाचायला हवी होती ती बदलांची माहिती अखेर वाचली. ऑल्ट कळीचं त्यात होतं. फॉलबॅक मोडचंही होतं. सेटिंगमध्ये जाऊन एक कळ फिरवली की कुठल्याही संगणकावर, चांगल्या यंत्रावरसुद्धा, तो चेहरा कायम ठेवता येत होता. एवढं वाचायला पाव तास लागला. जुलैपासून लोकांना जे हवं होतं ते त्याच चार संगणकांच्या आत होतं, आणि चौथ्यावर आपोआप आलेलं ते मी पैसे खर्चून काढून टाकलं होतं.

मग मी किल्ला भागातल्या अण्णांच्या घरी गेलो. काय झालं ते सगळं सांगितलं. काम तुम्ही विसरल्यामुळं गेलं नाही, मला ते त्याच दिवशी माहीत होतं, हेही सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग मला वाटलं नव्हतं असं काहीतरी बोलायला लागले, मालधक्क्याबद्दल.

मिरजेचं स्टेशन ज्यांनी जुन्या काळी पाहिलंय त्यांना आठवेल, तिथं तीन रुंदीचे रूळ होते. पुण्याकडून येणारा मार्ग १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज झाला. लोंढ्याकडचा पुढं कितीतरी वर्षं मीटरगेजच होता. पंढरपूर-कुर्डुवाडीकडून येणारी बार्शी लाइटची गाडी अडीच फुटांच्या नॅरोगेजवरून यायची आणि तो रूळही आत्ताआत्ता, आमची ही गोष्ट घडली त्याच सुमारास, रुंद झाला होता. एका रुळावरची वाघीण दुसऱ्या रुळावर जाऊ शकत नाही. म्हणून इकडून आलेला माल मिरजेत उतरायचा आणि तिकडच्या वाघिणीत चढायचा. पोतं न् पोतं हमालांच्या पाठीवरून. अण्णांचं काम ते मोजायचं.

“दोन्हीकडची गाडी वेळेवर असली,” अण्णा म्हणाले, “तरी माल धक्क्यावर राहिला तर भिजतो. मग बोलणी कुणी खायची? ज्यानं पाठवला त्यानं नव्हे. ज्याला हवा त्यानंही नव्हे. धक्क्यावरच्या माणसानं.”

ते माझ्याविषयी बोलत नव्हते. त्यांच्या नोकरीतली एक पावसाळी रात्र सांगत होते. पण मला माझी जागा कळली.

मुक्त सॉफ्टवेअर वापरणारे आम्ही स्वातंत्र्याबद्दल फार बोलतो. कोड उघडा आहे, आवडलं नाही तर बदला. हे खरं आहे आणि ग्नोम ३ च्या वेळी ते जगानं पाहिलं. ज्यांच्या लिनक्सवर हे सगळं उभं आहे त्या लिनस टॉरवल्ड्स यांनी त्याच वर्षी जाहीर नाराजी सांगितली आणि ते एक्सएफसीई हा दुसरा पर्याय वापरू लागले. पुढं ते ग्नोमकडं परतलेही. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्यानं ग्नोम २ चा कोड उचलून तो ‘माते’ या नावानं पुढं चालवला. लिनक्स मिंटच्या लोकांनी सिनॅमन हा आपला पर्याय उभा केला. या सगळ्यांना जे नको होतं ते त्यांनी बाजूला सारलं आणि हवं ते बनवलं. अण्णांना यातलं काय शक्य होतं? त्यांच्यापर्यंत ते स्वातंत्र्य माझ्या हातून पोचणार होतं. पर्याय तिकडून आले होते, मी ते उतरवून घेतले नाहीत. तक्रार इकडून निघाली होती, मी ती चढवली नाही. दोन्ही बाजूंचा माल माझ्या धक्क्यावर भिजला.

याचा अर्थ रचनाकारांचं सगळं बरोबर होतं असा मी घेत नाही. बंद करायची आज्ञा एका कळीमागं लपवणं ही चूकच होती आणि ज्यांच्या गावात वीज जाते त्यांच्यासाठी ती धोक्याची होती. सप्टेंबर २०१२ च्या ३.६ आवृत्तीपर्यंत ती आज्ञा पुन्हा उघड दिसायला लागली. मार्च २०१३ मध्ये जुन्या वळणाचा ‘क्लासिक’ चेहराही त्यांनी स्वतःच दिला. म्हणजे तक्रारी पोचत होत्या. ज्यांनी त्या नीट सांगितल्या, त्यांच्या.

मागं जाऊन वाचल्यावर आणखी एक गोष्ट कळली. ज्या ग्नोम २ साठी आमची खोली हळहळत होती, ते २००२ मध्ये आलं तेव्हा त्याच्यावरही असाच राग निघाला होता. खूप पर्याय काढून टाकले, वापरणाऱ्याला अडाणी समजता का, म्हणून. त्याच्याआधी २००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं बारा माणसांना ग्नोमसमोर बसवून ती कुठं अडतात ते पाहिलं होतं आणि त्या पाहणीचा पुढच्या रचनेला उपयोग झाला. बाराच माणसं! मला हा आकडा वाचून आधी कमी वाटला. मग लक्षात आलं, आमच्या खोलीतही रोज तेवढीच माणसं येत होती. मी त्यांच्या मागं उभं राहून एक तासभर नुसतं पाहिलं असतं, तर पहिल्याच दिवशी सगळं दिसलं असतं.

नोव्हेंबरमध्ये चारही संगणकांवर फॉलबॅक मोड कायम केला. बंद करायची आज्ञा कुणालाही न शोधता मिळेल अशी वरच्या पट्टीवर एका चित्राच्या रूपात आणून ठेवली. दर शुक्रवारी फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढायला लागलो. ते कामही आधी माझंच होतं आणि मी ते करत नव्हतो. अण्णा डिसेंबरात परत आले. २०१३ मध्ये आम्ही ‘माते’वर गेलो, पण महिनाभर आधी दारावर कागद लावून, आणि आधी एकाच संगणकावर. रेल्वे रूळ बदलते तेव्हा आधी सूचना लागते, गाड्या कोणत्या दिवसापासून कुठून सुटतील ते लिहिलेलं असतं, हे अण्णांनीच सांगितलं होतं. कागदाचा मजकूरही त्यांच्याच अक्षरातला.

तक्रार नीट कशी सांगायची ते मात्र मी वाचनालयात येणाऱ्या एका मुलीकडून शिकलो. तिच्या घरी पिढ्यांपासून तंबोरे बनतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती वाद्यं बनतात त्याच गल्लीतलं घर. ती बिलं टाइप करायला यायची. तिच्या वडिलांकडं गिऱ्हाईक येऊन म्हणतं, “आवाज बसलाय.” ते लगेच घोडीला हात लावत नाहीत. आधी म्हणतात, “छेडा बघू.” गिऱ्हाईक कसं बसतं, तार कुठं छेडतं, कुठल्या सुराला तोंड वाकडं करतं, ते बघतात. मग जवारी काढतात. “बसलाय म्हणजे काय हे त्यांना सांगता येत नाही,” ती म्हणाली, “पण वाजवून दाखवता येतं.”

पुढची तक्रार मी तशी लिहिली. कळफलक बदलायची सवयीची कळ नव्या आवृत्तीत बदलली होती आणि मराठी-इंग्रजी मिसळून लिहिणारे आमचे लोक वाक्याच्या मधेच अडखळत होते. एका ताईंच्या मागं बसून मी एका पानात त्या किती वेळा अडल्या आणि प्रत्येक वेळी हात आधी कुठं गेला ते लिहून घेतलं. आवृत्ती लिहिली, यंत्र लिहिलं, पायऱ्या लिहिल्या. मत कुठंच लिहिलं नाही. उत्तर आलं, प्रश्न आले, या वेळी मी प्रत्येकाला उत्तर दिलं. मागणी मान्य झाली नाही. पण का नाही ते त्यांनी समजावून सांगितलं, कळ बदलून घ्यायची पद्धत सांगितली, आणि मी ती खोलीतल्या प्रत्येकाच्या संगणकावर त्याला विचारून बसवून दिली. ताईंना नकाराचं वाईट वाटलं नाही. आपण अडतोय हे कुणीतरी लिहून घेतलं, याचं त्यांना बरं वाटलं होतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची नेहमीची मदत थांबली. ज्यांचे संगणक विंडोज ११ ला चालत नाहीत असे बरेच जण आता माझ्याकडं येतात. छोटे दुकानदार, शिकवणी घेणाऱ्या बाई, एक निवृत्त मास्तर. लिनक्स घालून द्या म्हणतात. मला अजूनही तोच मोह होतो, रात्रीत सगळं नवं करून सकाळी हातात द्यायचा. माझ्या मते त्यांच्यासाठी काय चांगलं आहे हे मला लगेच दिसतं.

म्हणून मी आता कामाला हात लावायच्या आधी त्यांना त्यांच्याच संगणकासमोर बसवतो आणि म्हणतो, “रोज सकाळी चालू केल्यापासून बंद करेपर्यंत काय काय करता, ते एकदा करून दाखवा.” मी मागं खुर्ची घेऊन बसतो. मधे बोलत नाही, माउस हातात घेत नाही. शेजारी एक वही असते, तिच्यात लिहून घेतो. पहिलं पान प्रत्येक वेळी एकाच गोष्टीसाठी राखलेलं असतं आणि ते मी तांबड्या शाईनं लिहितो : बंद करण्याची पद्धत.